जुन्या पीसीवर डेस्कटॉप चालू करायचाय, काळ्या स्क्रीनच्या पुढे जातच नाही

सिडकोवाला

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले होते, आमच्या मंडळातल्या एका काकांनी तिथे शब्द टाकला आणि सहा सेट अभ्यासिकेला फुकट मिळाले. अभ्यासिका म्हणजे मंडळाच्या हॉलवरची खोली, एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं-पोरी दिवसभर बसतात तिथे. त्यांना फार काही नकोय, भरतीच्या जाहिराती बघायच्या, फॉर्म भरायचे, हॉल तिकीट काढायचं, पीडीएफ वाचायच्या आणि मराठी टायपिंगचा हात बसवायचा.

सगळे सेट सारखे आहेत. सेलेरॉन डी २.६६, व्हीआयए चिपसेटचा बोर्ड (पी४एम८०० प्रो असं छापलंय), १ जीबी रॅमची एकेक पट्टी, ८० जीबी साटा हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर मात्र नंतर घेतलेले दिसतात, १८.५ इंची वाईड एलसीडी.

एकावर डेबियन १२ या लिनक्सची ३२ बिट टाकली, डेस्कटॉप आधीपासून टिक असतो तोच, ग्नोम. बूट होताना अक्षरं धावतात, मग स्क्रीन काळी आणि डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहतो. कधीकधी राखाडी पडदा येतो, माऊसचा बाण दिसतो आणि तिथेच थिजतो. कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबलं की मात्र अक्षरांचं लॉगिन येतं. तर प्रश्न असा की यावर ग्राफिकल डेस्कटॉप नीट चालू शकतो का, आणि चालत असेल तर कुठला टाकू?

एक्सपी_फॅन

एक्सपी होती ना त्यावर? परत एक्सपी टाक, बटरसारखी चालेल. उगाच कशाला डोकेफोड.

नाशिकरोडकर

एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला. त्यावर आजचा एकही ब्राउझर धड चालत नाही, अर्ध्या सरकारी साइट उघडतानाच सर्टिफिकेटची तक्रार करतात. घरात ऑफलाइन गेम खेळायला ठीक आहे, पण पोरं तिथे आधार नंबर आणि बँकेचे तपशील टाकणार आहेत, तिथे नको.

माझं स्पष्ट मत सांगू का, सहाही सेट भंगारात द्या आणि दोन रिफर्बिश्ड मशीन घ्या. सेलेरॉन डी चा प्रोसेसर एकटाच सत्तर-ऐंशी वॅट खातो. मॉनिटरसकट एक सेट दीडशे वॅट धरला आणि दिवसाला आठ तास चालवला तर महिन्याला ३६ युनिट. सहा सेटचे दोनशेच्या वर जातात. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला हे बिल परवडणार आहे का?

टर्मिनलकाका

बिलाचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर नंतर बोलू. आधी पोराच्या प्रश्नाला उत्तर देऊ या.

सिडकोवाला, एफ३ वर लॉगिन येतंय म्हणजे कर्नल, डिस्क, रॅम सगळं ठीक आहे. अडतंय ते फक्त वरच्या मजल्यावर. डेस्कटॉप ही एकच वस्तू नसते. खाली कर्नल, त्यावर पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर, त्यावर खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर, आणि त्याच्यावर पॅनल, आयकॉन, फाईल मॅनेजर. ग्नोममध्ये ही सगळी मोट एकत्र बांधलेली असते आणि २०११ च्या ग्नोम ३ पासून त्याला थ्रीडी लागतंच. तुझ्या व्हीआयएच्या युनिक्रोम चिपला ते झेपत नाही, मग एलएलव्हीएमपाईप नावाचं सॉफ्टवेअर तेच काम प्रोसेसरकडून करून घेतं. म्हणजे प्रत्येक खिडकीची सावलीसुद्धा तुझा सेलेरॉन स्वतः रंगवत बसलाय, तेही १ जीबी रॅममध्ये. बाण थिजतो तो त्यामुळे.

आता एफ३ वर लॉगिन कर आणि तीन गोष्टी इथे टाक. एलएसपीसीआय चालवून व्हीजीए असलेली ओळ. एलएससीपीयू चालवून वरच्या दोन-तीन ओळी. आणि व्हार, त्यात लॉग, त्यात झॉर्ग डॉट झिरो डॉट लॉग ही फाईल उघडून कंसात ईई असलेल्या ओळी. ईई म्हणजे एरर, डब्ल्यूडब्ल्यू म्हणजे नुसती वॉर्निंग, त्या पन्नास असल्या तरी घाबरू नकोस. ती फाईल तिथे नसेल तर तुझ्या होम फोल्डरमध्ये डॉट लोकल, शेअर, झॉर्ग असं शोध.

पंचवटीकर

लिनक्स मिंट टाक ना सरळ, मी लॅपटॉपवर वापरतो, एक नंबर आहे.

टर्मिनलकाका

मिंट चांगलाच आहे पण त्याचा सिनॅमन डेस्कटॉपही थ्रीडी मागतो, इथे तोच घोळ होईल. शिवाय मुख्य मिंटची ३२ बिट आवृत्ती १९.३ नंतर बंद झाली.

मनमाड_जंक्शन

काय भो, सेलेरॉन डी चं नाव काढलं आणि कॉलेजचे दिवस आठवले. थंडीत हॉस्टेलवर त्याच्या कॅबिनेटवर ओले मोजे वाळवायचो आम्ही. अभ्यासिकेत हिवाळ्यात हीटर लागणार नाही बघा 😄

एक सल्ला. हार्ड डिस्क काढून १२० जीबीचा एसएसडी लाव, जुन्या मशीनला त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही.

सोल्डरगन

मनमाडभाऊ, एरवी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण व्हीआयएच्या बोर्डावर एसएसडी घेण्याआधी थांबा. पी४एम८०० प्रो बरोबर बहुतेक वेळा व्हीटी८२३७आर हा साउथब्रिज, म्हणजे डिस्कचे पोर्ट सांभाळणारी चिप, असतो. त्याच्या साटा पोर्टचा वेग १.५ गिगाबिट आणि पुढच्या वेगाच्या ड्राइव्हशी त्याला जुळवूनच घेता येत नाही. डिस्क हळू चालते असं नाही, बायोसला ती दिसतच नाही. जुन्या हार्ड डिस्कवर मागे जंपर असायचा, तो लावला की डिस्क १.५ वर उतरायची. एसएसडीला असा जंपर नसतो. घ्यायचाच असेल तर दुकानात बोर्ड नेऊन लावून बघा, नाहीतर आयडीई पोर्टला, म्हणजे साटाच्या आधीच्या रुंद पट्टीवाल्या पोर्टला, साटा कन्व्हर्टर लावून चालवा.

आणि सिडकोवाला, सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी कॅबिनेट उघडून बघितलंस का? प्रोसेसरच्या शेजारी उभे दंडगोल कपॅसिटर असतात, त्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते. डोकं सपाट असेल तर ठीक. वर फुगलं असेल किंवा खाचेतून तपकिरी चिकट काही आलं असेल तर तो बोर्ड कधी चालेल, कधी चालणार नाही, आणि तुम्ही महिनाभर ड्रायव्हर बदलत बसाल. त्या काळातल्या बोर्डांमध्ये हा रोग खूप होता. बदलायला फार खर्च नाही, १०५ डिग्रीचे, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) घ्यायचे, व्होल्टेज मूळ आकड्याएवढं किंवा थोडं जास्त, आणि पट्ट्याची बाजू बघून लावायचे. हीटसिंकखालची पेस्टही आता खडू झालेली असणार. ती पुसून नवीन लावा.

सिडकोवाला

काका, सोल्डरगनदादा, खूप आभार. सगळी कॅबिनेट उघडली. आत अक्षरशः गोधडी होती धुळीची, कारखान्यातली धूळ म्हणजे लोखंडाचा बारीक चुरा मिसळलेली काळी. ब्लोअर मारला. पाच बोर्डांचे कपॅसिटर सपाट आहेत, एकाचे तीन फुगलेत, ते मशीन बाजूला ठेवलं. पेस्ट खरंच खडू झाली होती.

काकांनी मागितलेलं:

व्हीजीएच्या ओळीत व्हीआयए, एस३ युनिक्रोम प्रो असं आलं. एलएससीपीयूमध्ये ऑप मोड या ओळीत ३२ बिट, ६४ बिट दोन्ही लिहिलंय, आणि मॉडेल सेलेरॉन. प्रोसेसरवर पेस्ट पुसल्यावर ३३१ वाचलं. लॉगमध्ये ईईची मोठी ओळ नाही, शेवटी व्हेसा आणि १०२४ बाय ७६८ असं दिसतंय.

६४ बिट कसं काय? हे तर पेंटियम ४ च्या काळातलं आहे ना?

टर्मिनलकाका

झकास. ३३१ हा ६४ बिटवाला आहे. त्याच्या शेजारचा ३३० नाही. म्हणून आधी एलएससीपीयू बघायचं, वयावरून अंदाज बांधायचा नाही.

याने तुझा पुढचा रस्ताच बदलतो. डेबियन १३, जी ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिच्यात ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. क्रोमने लिनक्सवरचं ३२ बिट २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सनेही आता सोडलंय, फक्त जुनी ईएसआर शाखा (जास्त काळ अपडेट मिळतात ती) थोडे दिवस चालेल. अभ्यासिकेला ब्राउझर लागणार म्हणजे लागणार, तेव्हा ६४ बिट टाकता येत असेल तर तीच टाक.

कॉलेजरोड_९८

इथे माझं काकांशी जमत नाही. ६४ बिटमध्ये तोच प्रोग्राम जास्त रॅम खातो, पॉइंटर (मेमरीतले पत्ते) दुप्पट होतात. १ जीबीच्या मशीनवर ३२ बिटच ठेवावी. मी पी३ वर (पेंटियम ३) आजही अँटिएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिट चालवतो, आईसडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर, फाईल मॅनेजर, गाणी, सगळं निवांत.

टर्मिनलकाका

पी३ वर फायरफॉक्स चालतो का? नाही चालणार, पी३ मध्ये एसएसई२ सूचना नाहीत आणि आजच्या ब्राउझरना त्या लागतात. तुमचं मशीन गाणी वाजवतं ते उत्तमच आहे, पण इथे फॉर्म भरायचाय. रॅम जास्त लागते हे मान्य. म्हणून म्हणतो, सहाचे तीन करा. एकाची पट्टी काढून दुसऱ्यात घाला, २ जीबीचे तीन सेट होतील आणि उरलेले स्पेअरला. २ जीबीवर ६४ बिट आणि फायरफॉक्स असं दोन-तीन टॅबपुरतं चालतं.

सिडकोवाला

सहाचे तीन केले तर रांग लागेल हो काका. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला अख्खी अभ्यासिका एकदम बसते.

नाशिकरोडकर

म्हणून तर म्हटलं, दोन चांगली मशीन घ्या. लटकणाऱ्या सहा मशीनपुढे बसून पोरांचा वेळच जाईल.

दिंडोरीच्या_मॅडम

मी दिंडोरी तालुक्यात शाळेवर आहे, आमच्या लॅबमध्ये अशीच दानात आलेली मशीन आहेत, म्हणून लिहिते. सगळ्यांना सगळं करता आलंच पाहिजे असं धरू नका. आम्ही मशीनची कामं वाटली. १ जीबीवाल्यांवर ब्राउझर ठेवलाच नाही, तिथे फक्त टायपिंग आणि वाचन. २ जीबीवाल्यांवर इंटरनेट. मुलं आपोआप त्या त्या जागी बसायला शिकली. टायपिंगला तासन् तास लागतात, फॉर्मला वीस मिनिटं, त्यामुळे रांग वाटते तेवढी लागत नाही.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे एक बऱ्यापैकी आय५ मिळाला, तेव्हा जुनी मशीन नुसते पडदे म्हणून वापरली. प्रोग्राम सगळे आय५ वर चालतात, जुन्या मशीनवर फक्त चित्र येतं आणि कीबोर्ड-माऊस तिकडे जातो. लायब्ररीतल्या सरांनी लावून दिलं होतं, एक्सडीएमसीपी म्हणतात त्याला.

टर्मिनलकाका

मॅडम, क्या बात है! एक्सची मूळ कल्पनाच ही होती. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स सुरू झाला तेव्हा प्रोग्राम एका मशीनवर आणि पडदा दुसऱ्यावर हे गृहीतच धरलं होतं. १९८७ मध्ये आलेला एक्स११ चा प्रोटोकॉल तोच अजून चालतोय, म्हणून विसाव्या वर्षात पदार्पण केलेलं डबडंही आजच्या सर्व्हरसमोर पडदा बनून बसू शकतं. फक्त लक्षात ठेवा, एक्सडीएमसीपीत पासवर्डसकट सगळं उघड्यावर जातं. खोलीतल्या खोलीत वायरच्या स्विचवर ठीक, वायफायवर किंवा खोलीबाहेर अजिबात नको. आणि व्हिडिओ त्यावर बघू नये, नेटवर्क तुंबतं.

डीटीपी_शालिमार

जरा विषयांतर करतो. आमचं लग्नपत्रिकांचं काम आहे. श्रीलिपीचे मराठी फॉन्ट आणि पानं मांडायचं पेजमेकर ६.५ असलेलं विंडोज ९८ चं एक मशीन अजून रोज चालू होतं, मागे प्रिंटर पोर्टला डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) लावलेला. नेटला कधीच जोडलेलं नाही. जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा येतो, म्हणतो ‘आमच्या ताईच्या पत्रिकेसारखीच करा’, आणि ती फाईल त्याच मशीनवर उघडते. ते गेलं तर वीस वर्षांचं काम गेलं, म्हणून या धाग्यावर रोज येतोय. हे सगळं लिनक्सवर नेता येईल का?

कॉलेजरोड_९८

फाईल जशीच्या तशी नाही जाणार. तो मजकूर युनिकोड नाही, आतमध्ये इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट काढला की गिचमिड दिसते. मजकुरासाठी कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. मांडणी हवी असेल तर प्रत्येक पत्रिकेची पीडीएफ काढून ठेवा आणि डिस्कची पूर्ण इमेज घ्या, आजच घ्या. डोंगलवाल्या पोर्टसाठी त्याच पिढीचा एक बोर्ड स्पेअरला ठेवा.

डीटीपी_शालिमार

धन्यवाद साहेब. इमेजचं आजच बघतो. सिडकोवाला, तुमच्या फुगलेल्या कपॅसिटरवाल्या बोर्डाला प्रिंटर पोर्ट असेल तर दुरुस्त करून मला विका 🙏

बागायतदार_निफाड

जुने दिवस म्हणाल तर अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता तोवर कुठलाही पार्ट मिळायचा, २०१७ मध्ये महापालिकेने तो हटवला तेव्हापासून पंचाईत झाली. मी तिथून घेतलेल्या नेटबुकवर द्राक्षाच्या फवारणीची वही ठेवतो अजून. ॲटम एन२७०, फक्त ३२ बिट, १ जीबी. अँटिएक्स टाकलंय. लिब्रेऑफिस उघडायला चहा होतो, म्हणून जीन्युमेरिक टाकलं, तेवढ्याच शीट, पटकन उघडतात. बागेत लाईट गेली तरी तास-दीड तास चालतं. पोराला वाटायचं बाबांना नवीन परवडत नाही, पण मला वही पाहिजे होती, ती मिळाली.

सिडकोवाला

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. पाच चांगल्या मशीनपैकी दोनात २ जीबी करायचं, सहाव्याची पट्टी धरून हिशोब बसतो, दोनांना १ जीबी राहते आणि एकाला रॅमच नाही. ते सोल्डरगनदादांकडे जाईल स्पेअर म्हणून. आता दोन जीबीवाल्यावर नक्की काय टाकू, अँटिएक्स की एक्सएफसीई डेस्कटॉप? आणि बायोस पेनड्राइव्हवरून बूटच करत नाही, त्याचं काय?

टर्मिनलकाका

पेनड्राइव्हचं आधी. त्या काळच्या बायोसमध्ये यूएसबी एचडीडी, यूएसबी झिप असे वेगळे पर्याय असतात, दोन्ही करून बघ. नाहीच झालं तर अँटिएक्सची कोअर किंवा नेट आवृत्ती सीडीवर मावते, फुलला डीव्हीडी लागते. प्लॉप बूट मॅनेजरची सीडी करून तिच्यातून पेनड्राइव्ह उठवता येतो, तेही चालेल.

निवडीचं म्हणशील तर दोन जीबीवर एक्सएफसीई चालेल, १९९६ पासूनचा प्रकल्प आहे, शहाणा डेस्कटॉप. पण सगळ्या मशीनवर एकसारखं दिसलेलं बरं, पोरं कुठेही बसली तरी मेनू तिथेच सापडला पाहिजे. म्हणून माझं मत अँटिएक्स आणि आईसडब्ल्यूएम. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. एक्सपीवर एमएससीआयटी केलेल्या माणसालाही शिकवावं लागत नाही. माझ्याकडे बूट झाल्यावर दोनशे एमबीच्या आसपास रॅम जाते, बाकीची सगळी ब्राउझरला.

ज्यांना डेबियनच ठेवायचंय त्यांनी ग्नोम काढून झॉर्ग आणि आईसडब्ल्यूएम टाकावं, होम फोल्डरमधल्या डॉट एक्सइनिटआरसी फाईलमध्ये एक्झेक आईसडब्ल्यूएम-सेशन एवढी एक ओळ लिहावी, आणि स्टार्टएक्स म्हणावं. स्टार्टएक्स कधीही सुडो लावून, म्हणजे रूट (ॲडमिन) होऊन, चालवू नका. एक्सऑथॉरिटी फाईल रूटच्या नावावर होते आणि मग लॉगिन केलं की पडदा लुकलुकून परत लॉगिनवरच येतो, लोक पासवर्ड चुकला समजून बसतात. तसं झालं तर एफ३ वर जाऊन ती फाईल उडवा. डिस्क पूर्ण भरली तरी अगदी हेच लक्षण दिसतं, त्यामुळे डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) पण मारून बघा.

सिडकोवाला

चाललं!!! अँटिएक्स ६४ बिट, आईसडब्ल्यूएम, पहिल्याच बूटला डेस्कटॉप आला. खोलीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मेनू दाबला की लगेच उघडतो, मला वाटलं नव्हतं या मशीनमध्ये एवढी चपळाई असेल.

फक्त चित्र आडवं ताणलेलं दिसतंय, गोल आयकॉन अंड्यासारखे, आणि अक्षरं फुगीर. रेझोल्यूशनमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वर काहीच येत नाही. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा आहे.

टर्मिनलकाका

अभिनंदन! ताणलेलं दिसतं कारण चित्र व्हेसा ड्रायव्हर काढतोय. व्हेसा फक्त ग्राफिक्सच्या बायोसमध्ये भरलेली रेझोल्यूशन वापरू शकतो, आणि तुझा बोर्ड बनला तेव्हा १३६६ चे मॉनिटर घरोघरी नव्हते. ओपनक्रोम नावाचा व्हीआयएसाठीचा खास एक्स ड्रायव्हर आहे, रेपोत (लिनक्सच्या सॉफ्टवेअरच्या कोठारात) सापडला तर टाकून बघ. आणि १३६६ मागू नकोस, १३६० बाय ७६८ माग. १३६६ ला आठाने भाग जात नाही आणि जुन्या चिपना रुंदी आठच्या पटीत लागते. दोन्ही कडांना तीन-तीन पिक्सेलची काळी रेघ राहील, दिसणारही नाही.

सोल्डरगन

ड्रायव्हरने ऐकलं नाही तर मॉनिटर बदला. १५ किंवा १७ इंची चौकोनी एलसीडी सेकंडहँडमध्ये कोणी विचारत नाही, स्वस्तात देतात. १५ इंचीचं मूळ रेझोल्यूशनच १०२४ बाय ७६८, व्हेसावर अक्षर एकदम काटेकोर दिसतं. टायपिंग करणाऱ्याला तेच बरं.

पंचवटीकर

यूट्यूब चालतं का पण? पोरं लेक्चर बघतात सगळी.

कॉलेजरोड_९८

ब्राउझरमध्ये नको. यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये व्हिडिओ देतो, ते उलगडताना हा प्रोसेसर दम टाकतो. व्हिडिओ उतरवणारा वायटी-डीएलपी आणि चालवणारा एमपीव्ही टाका, ३६० पी चा एमपी४ निवडा, तो एच२६४ असतो, तेवढा चालतो. फळ्यावरचं लिहिलेलं वाचता येईल इतपत. आणि फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाकाच, जाहिराती गेल्या की अर्धं ओझं जातं. आज डेस्कटॉप हलका करून फार वाचत नाही, रॅम खाते ती वेबसाइट. झेडरॅमही चालू करा, रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप (रॅम भरली की वापरायची जादा जागा) मिळतो, जुन्या हार्ड डिस्कवर स्वॅप गेला की मशीन गोठतं.

दिंडोरीच्या_मॅडम

मराठी टायपिंगचं कोणी बोललंच नाही. त्यासाठी आयबस हा टायपिंगचा वेगळा प्रोग्राम टाकायची गरज नाही, ते पण मागे रॅम खात बसतं. एक्सच्याच कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय, मराठी असा इनस्क्रिप्ट लेआउट मिळतो, तो इंग्रजीबरोबर जोडायचा आणि बदलायला एक की ठरवायची. आम्ही दोन्ही शिफ्ट एकदम अशी ठेवलीय. फॉन्टला लोहित देवनागरी किंवा नोटो टाका, नाहीतर जाहिरातींच्या पानांवर नुसते चौकोन दिसतील. मुलींना मी कीबोर्डवर मराठी स्टिकर लावू देत नाही, पंधरा दिवसांत बोटांना पाठ होतं.

सिडकोवाला

मॅडम, इनस्क्रिप्ट लागलं, ‘ज्ञ’ आणि ‘ऱ्य’ दोन्ही आले. ओपनक्रोम एका मशीनवर १३६० ला चालला, दुसऱ्यावर पडदा थरथरतो म्हणून तिथे सोल्डरगनदादांचं ऐकून चौकोनी मॉनिटर लावणार. काल एका ताईने फॉर्मसाठी फोटो आणि सही पाहिजे तेवढ्या केबीत बसवून इथूनच अपलोड केली, एमटीपेंटमध्ये, ना गिम्प लागला ना सायबर कॅफे.

एकच अडचण उरली. मशीन बंद करून सकाळी चालू केलं की फायरफॉक्स प्रत्येक साइटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो, थोड्या वेळाने आपोआप बरं होतं.

सोल्डरगन

बोर्डावरचा सेल गेलाय. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो. सेल मेला की रात्री तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालं नाही’ असं ब्राउझरला वाटतं. नेटवरून वेळ मिळाली की ठीक होतं. सगळ्या मशीनचे एकदम बदला.

नाशिकरोडकर

मानलं बुवा. तरी विजेचं माझं म्हणणं कायम आहे. निदान कोणी बसलेलं नसताना मशीन बंद राहील हे बघा आणि मॉनिटर दहा मिनिटांत झोपेल असं सेट करा. पुढच्या वर्षीच्या वर्गणीत एक आय५ घेऊन मॅडम म्हणतात तसं पडदे जोडलेत तर मी हजार रुपये देतो.

सिडकोवाला

दादा, मीटिंगमध्ये तुमचं नाव सांगतो 🙏 आता उरलेल्या मशीनवर हेच सगळं परत एकेकावर करत बसायचं का? फॉन्ट, लेआउट, बुकमार्क, सगळं?

टर्मिनलकाका

नाही. अँटिएक्समध्ये स्नॅपशॉटचं साधन आहे, जमलेल्या मशीनची आहे तशी आयएसओ बनवून देतं, सेटिंगसकट. ती डीव्हीडीवर घे आणि बाकीच्यांवर तिच्यातूनच इन्स्टॉल कर. आयएसओ बनवण्याआधी फायरफॉक्समधले सेव्ह झालेले पासवर्ड आणि हिस्टरी पुसून टाक, नाहीतर त्या ताईचं लॉगिन सगळ्या मशीनवर जाईल. ओपनक्रोमची कॉन्फिग फाईल पण आधी बाजूला काढ, चौकोनी मॉनिटरवाल्याला ती नकोय. आणि प्रत्येक मशीनचं होस्टनेम वेगळं दे, एकच नाव राहिलं तर प्रिंटर शेअर करताना कोणती प्रिंट कुठून आली कळत नाही.